जुनी मोटार मुलांच्या हाती देताना: किल्लीआधीची तयारी आणि शिकवण्याचा क्रम

वडिलांच्या काळातील ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा महिंद्राची जुनी जीप ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांच्या घरातील मूल अठरा वर्षांचे झाले की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. सकाळी गाडी बाहेर काढतात, मुलाला स्टिअरिंगवर बसवतात आणि गाडी पुढे कशी न्यायची इथून शिकवणीला सुरुवात करतात. खरे तर गाडी थांबवता येते याची खात्री आधी व्हायला हवी, आणि त्याहीआधी ती गाडी थांबण्याच्या स्थितीत आहे का हे मालकाने पाहायला हवे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. आठ महिने टिनाच्या शेडमध्ये उभी असलेली ॲम्बॅसडर मी थोरल्या मुलाला पांदण रस्त्यावर चालवायला दिली. तिसऱ्यांदा ब्रेक दाबल्यावर पेडल थेट तळाला गेले आणि गाडी धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगात शिरून थांबली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर गळत होता आणि मी तो पाहिलेला नव्हता. पोराने मात्र पुढचे वर्षभर त्या गाडीला हात लावला नाही.

खालील टप्पे त्या अनुभवानंतर धाकट्या मुलीला शिकवताना ठरत गेले. रोज तासभर दिल्यास सगळे मिळून दोन ते अडीच महिने लागतात.

टप्पा १: वय आणि कागद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी असतो. त्याचा मोटारीशी काही संबंध नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकांनी एकदा नीट समजून घ्यावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर असते. किल्ली दाराजवळच्या खुंटीला लटकत असेल, तर काळजी घेतली होती असे कोणत्या तोंडाने सांगणार?

गावात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद असा, की पांदण, गावाबाहेरचे आखर किंवा सुट्टीच्या दिवशीचे जिनिंगचे पटांगण म्हणजे काही रस्ता नव्हे. कायद्याच्या व्याख्येत, जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक ठरते. पांदण आणि आखर त्यात सरळ बसतात आणि पटांगणाबद्दल वाद घालण्याची पाळी अपघातानंतरच येते. स्वतःच्या बंदिस्त वावराची गोष्ट वेगळी असली, तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तिथेही गाडी चालवू देऊ नये असे माझे मत आहे. त्या वयात शिकण्यासारखे टप्पा २ आणि टप्पा ४ मध्ये भरपूर आहे आणि त्या दोन्हीत चाक फिरत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी अर्ज करता येतो. या काळात वैध परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसलेली असावी, तिला गाडी झटकन थांबवता येईल अशी तिची जागा असावी, आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर असावे.

गाडीचे कागदही याच वेळी काढून पाहावेत. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे हे नूतनीकरण राहून गेलेले असते, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागते. विम्याची पॉलिसी मात्र शब्दन्शब्द वाचावी, कारण शिकाऊ चालकासाठी त्यात वर सांगितलेल्या नियमांचे पालन ही अट असते, आणि काही पॉलिसींत गाडीत प्रवासी नसण्याचीही असू शकते. मागच्या बाकावर आजी, आत्या आणि दोन भाचरे बसवून पोराला चालवायला लावणे म्हणजे अशा पॉलिसीत विमा स्वतःच्या हाताने घालवणे होय.

सावधान: पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या मालिकेत नोंदवलेली असेल, तर ती रस्त्यावर नियमित वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. अशा गाडीवर रस्त्याचे शिक्षण देण्याचा विचार सोडून द्यावा.

टप्पा २: गाडीची तपासणी, मुलाला सोबत घेऊन

ही तपासणी मिस्त्रीवर सोडू नये. मिस्त्री हवाच, परंतु मुलाने प्रत्येक गोष्ट स्वतः पाहिली पाहिजे, कारण पुढे एकट्याने गाडी काढताना त्यालाच ती पाहायची आहे.

पहिले काम ब्रेकचे. या पिढीतील अनेक गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि चारही चाकांच्या ब्रेक ऑईलची वाट एकच असते. म्हणून एका चाकाचा सिलिंडर गळाला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी सपाटीवर उभी करून ब्रेकचे पेडल जोरात दाबावे आणि साठ आकडे मोजेपर्यंत तसेच दाबून धरावे. पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कुठे तरी गळती आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, असे होत असेल तर लायनर झिजले आहेत, ब्रेक जुळवायचे राहिले आहेत किंवा पाइपात हवा आहे. त्यानंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल दिसते का ते पाहावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून गाडी वर्षात पाचशे किलोमीटर चालली असली तरी ते दोन वर्षांनी बदलावे. मालकांची चूक इथेच होते. ते किलोमीटर मोजतात, आणि रबर व तेल तर उभ्या गाडीतही म्हातारे होत असते.

हँडब्रेक कुठे आहे हे नीट पाहावे. काही गाड्यांत तो चालकाच्या उजव्या हाताला, दाराजवळ असतो. म्हणजे शेजारी बसलेल्या बापाचा हात तिथपर्यंत पोहोचतच नाही. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या हाती उरते ती फक्त इंजिनाची किल्ली, म्हणून ती बसल्या जागेवरून फिरवता येते का ते करून पाहावे. किल्ली शेवटपर्यंत फिरवल्यावर स्टिअरिंगला कुलूप लागणारी गाडी असेल, तर फक्त एक खाच मागे फिरवायची, हे दोघांनीही पाठ करावे. किल्लीही आवाक्यात नसेल, तर त्या गाडीत मुलाला रस्त्यावर शिकवू नये.

दुसरे काम स्टिअरिंगचे. गाडी उभी असताना स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि पुढचे चाक हलायला लागेपर्यंत ते किती फिरते ते बाहेर उभ्या माणसाने पाहावे. दोन बोटांपेक्षा जास्त मोकळे फिरत असेल, तर आधी दुरुस्ती. जॅकवर पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यास खडखड येता कामा नये.

टायरची नक्षी पाहून फसू नये. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी राहते आणि बाजूच्या भिंती मात्र तडकलेल्या असतात. टायरवरील चार आकडी खूण वाचायला मुलाला शिकवावे: पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरील टायर माझ्या मते शिकवणीसाठी घेऊ नये. नायलॉन आणि रेडियल टायरची सरमिसळही करू नये.

पेट्रोल गाडीत आता इथेनॉल मिसळलेले इंधन जाते आणि ते जुन्या रबरी पाइपांना व पेट्रोल पंपाच्या पडद्याला मानवत नाही. पाइप बोटाने दाबून पाहावा. तो चिकट किंवा भुसभुशीत लागला, की बदलावा. बॅटरीला तोडणीचा (वीज पूर्ण बंद करणारा) स्विच आणि चालकाच्या हाताशी आग विझवण्याचे लहान नळकांडे बसवावे. जुन्या गाडीत सीटबेल्ट नसतात. ते बसवताना गंजलेल्या पत्र्याला नुसते बोल्ट मारू नयेत, खालून जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी. दारांची कुलपे वळणावर उघडतात का, ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का आणि हॉर्न वाजतो का, हे पाच मिनिटांचे काम आहे.

तपासणी: मुलाने तुमच्या मदतीशिवाय ब्रेक ऑईल, रेडिएटरचे पाणी, इंजिन ऑईल, फॅन बेल्ट आणि चारही चाकांची हवा पाहून दाखवावी. त्याने रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर उघडण्यासाठी हात पुढे केला, तर हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा.

टप्पा ३: जागा आणि वेळ

आपल्याकडे वावरे रिकामी होतात ती तूर निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास. परंतु अठरा वर्षांच्या मुलांची बारावीची परीक्षा त्याच सुमारास असते. म्हणून मार्चच्या अखेरीस सुरुवात करून मे महिना संपेपर्यंत काम उरकावे आणि तेही सकाळी सहा ते साडेआठ याच वेळात. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या दिवसांत दुपारी हाफ क्लचवर खेळवलेली जुनी गाडी हमखास तापते आणि शिकवणाऱ्याचे डोके तिच्याही आधी तापते. मृगाचा पहिला पाऊस पडला की वावरातला सराव बंद करावा, कारण काळ्या मातीत फसलेली ॲम्बॅसडर काढायला ट्रॅक्टर लागतो आणि ओढताना तिचा बंपर जातो.

जागा बरड, मुरमाड आणि सपाट असावी. भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत चाक अडकते. पऱ्हाटी उपटलेली आहे, कापलेली नाही, याची खात्री करावी. तिची खुंटे टायरमध्ये खिळ्यासारखी घुसतात. बाभळीखालची जागा टाळावी.

सावधान: कठडा नसलेली विहीर, विजेच्या खांबाची ताणाची तार आणि शेततळे यांपासून सरावाची हद्द किमान शंभर पावले दूर ठेवावी आणि ती बांबूच्या काड्यांना लाल चिंध्या बांधून दाखवावी. तसेच वाळलेल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या कुटारावर गाडी कधीही उभी करू नये, कारण खालचा गरम सायलेन्सर पाइप ते पेटवू शकतो.

टप्पा ४: चाक न फिरवता

सोळा वर्षांच्या मुलालाही हा टप्पा देता येतो.

आधी बसणे. जुन्या गाड्यांत पुढचे बाक अखंड असते, त्यामुळे ते मुलाच्या पायाला जुळवले की शेजारच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यावर उपाय म्हणून पाठीमागे उशी लावली जाते आणि ब्रेक जोरात दाबताना ती घसरते. ती पट्ट्याने बांधावी किंवा लोड शिवून घ्यावा. पायात चप्पल नको आणि शेतातले जाड गमबूटही नकोत. पायाखाली पाण्याची बाटली, पान्हा, पुसायचे कापड असे काहीही राहू देऊ नये. ब्रेकखाली घरंगळत गेलेली बाटली चांगल्या ब्रेकलाही निकामी करते.

नंतर गिअर. स्टिअरिंगखालच्या दांड्याचे गिअर आजच्या मुलांनी पाहिलेलेही नसतात. आपल्या गाडीचा नकाशा कागदावर काढून द्यावा आणि इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, रोज पन्नास वेळा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा खाली आणि रिव्हर्स असे करून घ्यावे. शेवटचे दोन दिवस डोळे मिटून. दांड्याचे बुश झिजले असतील, तर दोन गिअरच्या मध्ये तो अडकतो. अडकला तर काय करायचे हेही इथेच दाखवून द्यावे. काही जिपांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरच्या चक्रांचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नसतो, म्हणून तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा.

त्यानंतर चोक, सेल्फ आणि इंजिन चालू करण्याचा क्रम: न्यूट्रल, हँडब्रेक, क्लच, चोक, मग सेल्फ. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडे थांबावे. पायाने चालणारा डिप्पर (पुढच्या दिव्यांचा झोत वर-खाली करणारा खटका) असेल, तर तो न पाहता सापडेपर्यंत सराव द्यावा.

याच दिवसांत मुलाला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालावे. पहिले धक्के आणि क्लचची पहिली जाळपोळ त्यांच्या नव्या गाडीवर होऊ द्यावी. आपल्या गाडीच्या क्लच प्लेटसाठी पुढे नागपूरच्या दुकानांतून पायपीट करावी लागते. मात्र तिथले शिक्षण पुरेसे आहे असे धरून चालणे ही दुसरी मोठी चूक आहे. नव्या गाडीत पॉवर स्टिअरिंग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) असते. त्या गाडीवर वीस दिवस शिकलेला मुलगा जुन्या गाडीतही पाय अलगद टेकवून थांबू पाहतो आणि ती थांबत नाही.

तपासणी: डोळे मिटून सर्व गिअर, डिप्पर, हॉर्न आणि हँडब्रेक सापडले, की पुढे जावे.

टप्पा ५: थांबणे

वावरातल्या सगळ्या टप्प्यांत सर्वांत जास्त दिवस याच टप्प्याला द्यावेत. मी बारा दिवस दिले.

वावरात चुन्याची फक्की टाकून एक आडवी रेघ आखावी आणि तिच्या अलीकडे दहा-दहा पावलांवर काड्या रोवाव्यात. पहिल्या दिवशी फक्त पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी आपोआप सरकू द्यावी आणि रेघेवर थांबवावी. हे वीस वेळा जमल्यावर ताशी वीस, मग तीस किलोमीटर. प्रत्येक वेळी ब्रेक कोणत्या काडीशी दाबला आणि गाडी कुठे थांबली ते वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत मुलाला स्वतःच दिसते, की वेग दीडपट केला तर थांबण्याचे अंतर दीडपट न होता दुपटीहून जास्त होते. हे तोंडाने सांगून पटत नाही, पावलांनी मोजून पटते. ताशी चाळीस किलोमीटरला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते आणि साठला जवळजवळ सतरा. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर यायला लागणारा वेळ त्यातच खर्ची पडतो.

पुढचा धडा चाके अडकण्याचा. मुरमावर ताशी पंचवीसने जाताना ब्रेक एकदम पूर्ण दाबायला सांगावे. चाके थांबतात, गाडी घसरत राहते आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. मग पाय किंचित उचलायचा, चाके फिरू द्यायची आणि पुन्हा दाबायचे. हा उलटा वाटणारा पायाचा हिशेब अंगवळणी पडेपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर सराव थांबवून मिस्त्री गाठावा. मुलाला ‘जरा धरून चालव’ असे सांगू नये.

शेवटचा धडा ब्रेक गेल्याचा. ताशी पंधराने चालत असताना बापाने ‘ब्रेक गेला’ असे म्हणावे आणि मुलाने ब्रेक लागतच नाही असे धरून पुढील क्रम करावा: पेडल तीनदा झपझप मारणे, खालचा गिअर टाकणे, हँडब्रेकचा खटका दाबून धरून तो हळूहळू ओढणे, आणि गाडी मोकळ्या किंवा चढाच्या बाजूला नेणे. खटका धरायचा अशासाठी, की हँडब्रेक एकदम कचकन ओढला तर मागची चाके अडकून गाडी आडवी फिरते. माझ्या मुलीने हा क्रम साठेक वेळा केला असेल. शेवटी ती वैतागून म्हणाली, ‘बाबा, ब्रेक आहे तरी का या गाडीला?’

सावधान: शिकवणाऱ्याने गाडीत फक्त तीन शब्द वापरावेत: ‘थांब’, ‘हळू’ आणि ‘सोड’. बाकीचे बोलणे गाडी उभी झाल्यावर. ज्याला आपल्या गाडीच्या रंगाची काळजी मुलाच्या पायापेक्षा जास्त वाटते, त्याने शिकवण्याचे काम पत्नीकडे किंवा मुलाच्या मामाकडे द्यावे. यात कमीपणा काहीच नाही. अनेक घरांत मामाच चांगले शिकवतात.

टप्पा ६: गिअर, वळण आणि रिव्हर्स

थांबणे पक्के झाले असेल, तर हा टप्पा चार-पाच दिवसांत होतो. वर जाणारे गिअर लवकर जमतात, खाली येणारे उशिरा. क्लच सोडताना गाडी हिसका देते, कारण इंजिनाचे फेरे कमी असतात. न्यूट्रलमध्ये क्षणभर ॲक्सिलरेटर देऊन मग खालचा गिअर टाकायला शिकवावे.

पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी उभ्या जागी वळवू नये. किंचित सरकती ठेवून वळवली की हातांवर आणि सांध्यांवर जोर येत नाही. वळणाआधी ब्रेक, वळणात स्थिर पाय. उंच जिपेत हा क्रम चुकला तर गाडी एका बाजूला झुकते आणि शिकाऊ चालक नेमका तेव्हाच घाबरून ब्रेक दाबतो. रिव्हर्ससाठी दोन काड्यांमधून मागे येण्याचा सराव पुरे. जुन्या गाडीला आरसे अपुरे असतात. दोन्ही बाजूंना चांगले आरसे बसवून घ्यावेत आणि तरीही मागे येण्यापूर्वी खाली उतरून गाडीमागे पाहावे. अंगणात लहान मूल, कोंबडी, पाण्याची बादली काहीही असू शकते.

टप्पा ७: रस्ता

गाडीत फक्त दोघे आणि पुढे-मागे ‘एल’ची पाटी. पहिला आठवडा गावाच्या पोचमार्गावर, सकाळी. दुसरा आठवडा जिल्हा मार्गावर. राज्य महामार्ग त्यानंतर. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. समृद्धी महामार्गाकडे या गाड्यांनी आणि या चालकांनी पाहूही नये.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे साइडपट्टी. आपले बहुतेक रस्ते एकेरी रुंदीचे आहेत. समोरून एसटी आली की डावी चाके डांबरावरून खाली उतरवावी लागतात आणि डांबराची कड कित्येक ठिकाणी वीतभर उंच असते. उतरलेली चाके मुलगा लगेच झटक्याने वर घेऊ पाहतो. चाक कडेला अडते, मग एकदम चढते आणि गाडी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फेकली जाते. योग्य क्रम असा: आधीच वेग कमी करणे, सरळ रेषेत खाली उतरणे, स्टिअरिंग घट्ट धरून तसेच पुढे जाणे, जवळजवळ थांबणे आणि कड सपाट दिसेल तिथून वर येणे. पोचमार्गावरची एक मोकळी जागा निवडून हे वीसदा मुद्दाम करून घ्यावे. पावसाळ्यात हीच साइडपट्टी काळ्या चिखलाची असते, म्हणून तेव्हा खाली उतरण्यापेक्षा रुंद जागा पाहून आधीच थांबणे बरे.

समोर किंवा पुढे बैलगाडी असेल, तर हॉर्न वाजवू नये. बैल बुजले की गाडीवानाच्या हातात काही राहत नाही. हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉलीचा भार दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा नसतो. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून ब्रेक दाबला तर चाके वाटाण्यावर ठेवल्यासारखी घसरतात. दिवस कलताना रोही (नीलगाई) आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की मागून दुसरा येणारच असे धरून चालावे. या कारणासाठी, आणि जुन्या दिव्यांचा उजेड मंद असतो म्हणूनही, शिकवणीची गाडी सूर्य मावळण्याच्या तासभर आधी घरी यावी.

नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर परत फिरावे. थोड्या पाण्यातून जावे लागलेच, तर बाहेर आल्यावर ब्रेक धरत नाहीत. कमी वेगात पेडल हलके दाबून थोडे अंतर जावे आणि ड्रम सुकल्याची खात्री करून घ्यावी.

पहिला महिनाभर ओव्हरटेक करू नये. ट्रॅक्टरमागे रांगत जाण्याचा कंटाळा येतो, तो येऊ द्यावा.

तपासणी: सलग सात दिवस तुम्हाला एकदाही ‘थांब’ म्हणावे लागले नाही, तर पुढचा टप्पा.

टप्पा ८: रस्त्यावर गाडी बंद पडल्यास

हा धडा बहुतेक जण गाळतात आणि मग भर उन्हात पोराचा फोन येतो.

उन्हाळ्यात चहाला दहा मिनिटे थांबल्यावर पेट्रोल गाडी पुन्हा सुरू होत नाही, कारण गरम पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर आणि पाइपावर ओले फडके ठेवावे आणि वाट पाहावी. सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी उतरते. इंजिनावर मात्र थंड पाणी ओतू नये, तापलेल्या लोखंडाला तडा जाऊ शकतो. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी सावलीला घेऊन बंद करावी, अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये आणि नंतर इंजिन चालू ठेवून थोडे थोडे पाणी घालावे. गाडीत पाच लिटर पाणी, जाड फडके, फॅन बेल्ट, प्लग पान्हा, जॅक, स्टेपनी आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे कायम असावेत. चाक बदलण्याचा सराव घरच्या अंगणात दोनदा तरी करून घ्यावा. गंजलेले नट मुलाच्या ताकदीने सुटतात का हे तेव्हाच कळते.

टप्पा ९: एकट्याने

पक्का परवाना हाती आल्यावरच. पहिल्या तीन महिन्यांसाठी अटी कागदावर लिहून त्यावर दोघांनी सही करावी. तोंडी अटी दोघेही आपापल्या सोयीने आठवतात. आमच्या कागदावर असे होते: दिवसा आणि कोरड्या रस्त्यावर, ठरलेल्या दोन गावांपर्यंत; एकाहून जास्त मित्र गाडीत नाही; लग्नाच्या वरातीत गाडी नाही; गाडी दुसऱ्या कोणाच्याही हाती नाही, सख्ख्या चुलत भावाच्याही नाही. मुलीच्या बाबतीत कागद वेगळा करू नये. मुलाला तालुक्यापर्यंत आणि मुलीला देवळापर्यंत, अशी वाटणी मी अनेक घरांत पाहिली आहे आणि तिला गाडीच्या दृष्टीने काहीच आधार नाही.

जुन्या गाड्यांची कुलपे इतकी झिजलेली असतात, की कधी कधी दुसऱ्याच किल्लीनेही गाडी सुरू होते. म्हणून किल्ली कपाटात ठेवून भागत नाही. बॅटरीच्या स्विचची खुंटी काढून ती वेगळी ठेवावी. घरात त्याहून लहान भावंडे असतील, तर हे आवश्यकच समजावे.

प्रत्येक वेळी गाडी परत आल्यावर मुलाने बॉनेट उघडून पाणी व तेल पाहावे, ब्रेक दाबून साठ आकडे मोजावेत, चाकांच्या आतली ओल पाहावी आणि किलोमीटर, तारीख व लक्षात आलेला बदल वहीत लिहावा. आमच्या वहीत मुलीने दुसऱ्याच आठवड्यात ‘पेडल आज अर्धा इंच खाली’ असे लिहिले होते. मिस्त्रीने चाक उघडले, तेव्हा पुढच्या उजव्या सिलिंडरचे रबर फुगलेले निघाले.